टीबीही नव्हे, दमाही नव्हे: ट्रॉपिकल इओसिनोफिलियाची पार्श्वभूमी

कोरडा खोकला, मध्यरात्रीनंतर धाप आणि छातीत शिट्टी, बारीक ताप, घटतं वजन, एक्स-रेवर दोन्ही फुप्फुसांत बारीक ठिपके. असा रुग्ण समोर आला की पहिला संशय टीबीचा येतो, आणि आपल्याकडे तो यायलाच हवा. घोटाळा होतो तो संशय तिथेच थांबल्यावर.

आंध्रातल्या मदनपल्लीजवळच्या आरोग्यवरम इथल्या क्षयरोग सॅनेटोरियममध्ये फ्रिमॉट-म्योलर आणि बार्टन यांनी अशा रुग्णांचा एक गट वेगळा काढला. लक्षणं क्षयासारखी, पण रक्तात इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जी आणि जंतांविरुद्ध वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, भरमसाट. १९४० साली ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये त्यांनी या आभासी क्षयाचं वर्णन छापलं. १९४३ मध्ये वाइनगार्टन यांनी ‘लॅन्सेट’मधून त्याला ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ हे नाव दिलं आणि सोमलयुक्त (आर्सेनिकच्या) औषधांनी रुग्ण बरे होतात हेही दाखवलं. औषध हाती आलं, कारण मात्र अजून अंधारातच होतं.

ते उलट्या दिशेने उलगडलं. १९४७ मध्ये हत्तीरोगावर डीईसी (डायइथिलकार्बामाझिन) हे औषध आलं. पुढच्या दशकात तेच या खोकल्यावरही लागू पडतंय असं दिसल्यावर संशय हत्तीरोगाच्या, म्हणजे फायलेरियाच्या जंतांकडे वळला. १९६० मध्ये वेल्लोरच्या वेब, जॉब आणि गॉल्ट यांनी रुग्णांच्या फुप्फुस, यकृत आणि लसिकाग्रंथींच्या ऊतींत मायक्रोफायलेरिया, म्हणजे या जंतांच्या सूक्ष्म अळ्या, दाखवून दिल्या. आधी त्या हाती न लागण्याचं कारणही यातच आहे. या रुग्णांची प्रतिकारयंत्रणा अळ्यांवर इतकी तुटून पडते की त्या रक्तात फिरतच नाहीत, फुप्फुसात अडकून नष्ट होतात. म्हणून हत्तीरोगासाठी रात्री काढलेल्या रक्ताची काच (स्लाइड) निगेटिव्ह आली तरी हा आजार नाही असं म्हणता येत नाही. ही चूक अजूनही होते.

आज निदानाचा कणा म्हणजे साधा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), पण तो नीट वाचला तरच. टक्केवारीवर भिस्त ठेवू नये. एकूण पांढऱ्या पेशींना इओसिनोफिलच्या टक्क्यांनी गुणून १०० ने भागावं. १८,००० पेशींत ४० टक्के म्हणजे ७,२००. ९,००० पेशींत ८ टक्के म्हणजे जेमतेम ७२०. या आजारात आकडा बहुधा ३,००० च्या वर जातो. सातशेचा आकडा ॲलर्जी, दमा किंवा पोटातल्या जंतांनीही येतो, आणि त्यावर ‘इस्नोफिलिया’चा शिक्का मारून गोळ्या देणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. दुसरा सापळा स्टिरॉइडचा. दम्याचा झटका समजून इंजेक्शन दिलं की काही तासांत इओसिनोफिल खाली येतात आणि पुरावाच पुसला जातो. म्हणून शक्य तिथे रक्त आधी घ्यावं.

रक्ताचा आकडा मोठा आला म्हणून टीबीची तपासणी टाळायची नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी सीबीनॅटला (टीबीच्या जंतूंचा जनुकीय माग काढणाऱ्या तपासणीला) जायलाच हवी. सोबत फायलेरियाची अँटिबॉडी आणि एकूण आयजीई (ॲलर्जी आणि जंतांत वाढणारी अँटिबॉडी) पाहतात. आयजीई सहसा १,००० युनिटच्या वर असतं. शौच तपासून स्ट्राँगिलॉइड्स हा आतड्यातला जंत वगळणं महत्त्वाचं, कारण तो जंत असताना स्टिरॉइड दिलं तर संसर्ग शरीरभर पसरून जिवावर बेतू शकतं. जुनाट दमा आणि ठरावीक ठिकाणी येणारे-जाणारे डाग असतील तर ॲस्परजिलस बुरशीची ॲलर्जीही तपासावी. एक्स-रे स्वच्छ असणं या आजाराच्या विरोधात जात नाही. बऱ्याच रुग्णांत तो तसाच असतो.

राहण्याचं ठिकाण विचारणं इथे कामाचा प्रश्न आहे: नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली हा हत्तीरोगाचा जुना पट्टा. उपचार म्हणजे डीईसी, वजनाच्या किलोमागे दिवसाला ६ मिलिग्रॅम, तीन डोसांत विभागून २१ दिवस. गरोदरपणात मात्र देत नाहीत. खोकला पहिल्या एक-दोन आठवड्यांत उतरू लागतो. अजिबात फरक पडला नाही तर निदान पुन्हा उघडावं. काहींना आजार उलटतो आणि पुन्हा कोर्स लागतो. उपचाराविना वर्षं गेली तर फुप्फुसं निबर होतात, आणि मग गोळ्यांनी जंत गेले तरी धाप राहते.