बोटीने कामावर जाताना
आमच्या नव्या प्रवाशांसाठी

पास काढताना बहुतेक जण एकच विचारतात, "किती वेळ लागेल?" खरं सांगायचं तर मेट्रोशी आमची शर्यत नाही. नदी वळणं घेत जाते, ती आम्हालाही घ्यावी लागतात. पण नदीत सिग्नल नाही, समोर ट्रक बंद पडत नाही. आज जेवढा वेळ लागला, जवळपास तेवढाच उद्या लागतो. घरातून कधी निघायचं हे एकदा ठरलं की ठरलं.

"जवळपास" म्हटलं ते प्रवाहामुळे. समजा, बोटीचा वेग ताशी २० किलोमीटर आणि नदीचा ४. मग ८ किलोमीटर जायला प्रवाहाबरोबर २० मिनिटं लागतात आणि प्रवाहाविरुद्ध ३०. तेव्हा सकाळी झटकन पोचलात म्हणून संध्याकाळी सारंगावर, म्हणजे बोट चालवणाऱ्यावर, चिडू नका. समुद्राची भरती जिथवर चढते तिथे तर हा प्रवाह दिवसातून तीन-चारदा दिशा बदलतो. लंडनमध्ये थेम्सचं पाणी मोठ्या भरती-ओहोटीत ७ मीटरच्या आसपास वर-खाली होतं, म्हणून तिथले बोटींचे धक्के तरंगते आहेत. तरंगत्या धक्क्याकडे उतरणारी वाट ओहोटीच्या वेळी चांगलीच तिरपी होते. हातात सामान असलं तर कठडा धरून चाला.

आता नव्या प्रवाशांची हमखास उडणारी धांदल. प्रवाहाबरोबर येणारी बोट धक्क्याजवळ येते आणि न थांबता पुढे जाते. लगेच कुणीतरी उठून ओरडतं, "अहो, माझा स्टॉप!" सारंग तुम्हाला विसरलेला नाही. तो पुढे जाऊन बोट वळवतो आणि तोंड प्रवाहाकडे करून हळूच धक्क्याला लावतो. समोरून येणारं पाणीच मग ब्रेकचं काम करतं आणि सुकाणूही हाताला नीट लागतं. प्रवाह पाठीशी घेऊन बोट लावायला गेलं तर ती धक्क्यावर आपटते. दोन मिनिटं जातात, जाऊ द्या.

बँकॉकला चाओ फ्राया नदीवर हे काम कानांनी चालतं. चालक पुढे बसतो, त्याला बोटीची मागची बाजू दिसत नाही. मागे उभा असलेला खलाशी शिट्ट्यांच्या खुणांनी त्याला थोडं पुढे, थोडं मागे, बस्स असं सांगत राहतो.

बसायचं कुठे? इंजिन साधारणपणे मागे असतं, त्यामुळे तिथे आवाज आणि थरथर. पुढे शांत, पण तुषार अंगावर येतात. बोट लागत असेल त्यांनी मध्यावर बसावं, मोबाइल खिशात ठेवावा आणि नजर लांबच्या काठावर ठेवावी.

काठाकडे बघण्यासारखं असतंही पुष्कळ. रस्त्यावरून शहराच्या पाट्या दिसतात, नदीतून त्याची मागची बाजू दिसते: लोखंडी जिने, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे. एखाद्या खांबावर पाणकावळा पंख पसरून बसलेला असतो. बुडी मारल्यावर त्याची पिसं भिजतात, ती तो वाळवतो. पुलाखाली शिरताना इंजिनाचा आवाज एकदम मोठा होतो, अंगावरून गार सावली सरकते आणि वरून अडकलेल्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येतात. (जरा दुष्ट आनंद होतो. आम्हालाही होतो.)

काही दिवस मात्र आम्ही बोट सोडत नाही. दाट धुकं असलं तर कारण सांगावं लागत नाही. पण नदीला पाणी वाढलं की लोक विचारतात, लाटा तर नाहीत, मग काय अडलं? अडतो तो पूल. पाणी जेवढं चढतं, तेवढी पुलाखालची जागा कमी होते आणि बोटीचं छप्पर काही खाली करता येत नाही. शिवाय पुराबरोबर ओंडके वाहून येतात. अशा दिवशी निघण्यापूर्वी फोन करून विचारा.

आणि उतरताना, खलाशी दोर खुंटाला गुंडाळून हात वर करेपर्यंत जागा सोडू नका. बोट आणि धक्का यांच्यातली फट त्या क्षणापर्यंत कमी-जास्त होत असते.