मेंढरांच्या वाघरीतून शाळेत: जंताच्या गोळीची पार्श्वभूमी

राष्ट्रीय जंतनाशक दिनाला सोलापूर जिल्ह्यातल्या अंगणवाडीत आणि झेडपीच्या शाळेत जी गोळी चघळायला देतात, ती ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोल. सांगोला-मंगळवेढ्याकडचा मेंढपाळ पावसाच्या तोंडावर मेंढरांना जे पांढरं, दाट औषध पाजतो त्या बाटलीवरही बहुतेकदा हेच नाव असतं. माणसाचं औषध पुढे जनावरांना लागू केलं असावं, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात उलटं घडलं. औषध बाजारात आलं ते मेंढीसाठी, माणसाच्या वाट्याला ते नंतर आलं.

त्याआधी काय होतं? घरात वावडिंग. तान्ह्याच्या दुधात दोन-चार दाणे उकळायची रीत आजही मोडलेली नाही. वैद्यांकडे पळसपापडी, कपिला आणि किरमाणी ओवा. किरमाणी ओव्यातून काढलेलं सँटोनिन पुढे दवाखान्यांत गेलं. त्यानं गोल जंत पडत, पण मात्रा थोडी चढली की रोग्याला सगळं पिवळं दिसू लागे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आकडेकृमीवर, म्हणजे हूकवर्मवर, थायमॉल देत. थायमॉल म्हणजे आपलं ओव्याचं फूल. १९२१ मध्ये अमेरिकेत मॉरिस हॉल यांनी कार्बन टेट्राक्लोराइड पुढे आणलं. त्यानं जंत मरत, यकृतही पोळत असे.

मेंढ्यांना मोरचूद पाजत. मोरचुदात नुसतं विष नव्हतं, एक युक्तीही होती. रवंथ करणाऱ्या जनावराच्या अन्ननलिकेच्या शेवटी एक खाच असते. ती मिटली की पातळ पदार्थ पहिल्या मोठ्या पोटाला वळसा घालून थेट चौथ्या पोटात उतरतो. मेंढीत मोरचुदाच्या पाण्यानं ही खाच मिटते, आणि मेंढीचा सगळ्यात मोठा शत्रू, हिमाँकस हा रक्तपिता जंत, राहतो नेमका चौथ्या पोटात. अल्बेंडाझोलच्या बाबतीत मात्र हीच खाच नडते. हे औषध पहिल्या पोटात साठून हळूहळू झिरपलं तरच पुरतं काम करतं. म्हणून ते जिभेच्या मुळाशी, मागे सोडायचं असतं. पुढे ओठाशी ओतलं तर खाच मिटून औषध लवकर निसटू शकतं आणि परिणाम घटतो.

१९३८ मध्ये फेनोथायझिन आलं. एका मेंढीला पंधरा-वीस ग्रॅम भुकटी लागायची आणि लघवीचे लाल डाग लोकरीवर बसायचे. १९६१ मध्ये मर्क कंपनीनं थायाबेंडाझोल आणलं, तो अल्बेंडाझोलच्या घराण्याचा मूळ पुरुष. त्याची मात्रा किलोला ५० मिलिग्रॅम. पुढे मेबेंडाझोल, फेनबेंडाझोल अशी भावंडं आली. १९७५ मध्ये स्मिथक्लाइन कंपनीनं अल्बेंडाझोलचं पेटंट घेतलं. मेंढीला किलोला ५ मिलिग्रॅम पुरे! तीस किलोच्या मेंढीचा हिशेब केला तर वीस ग्रॅमवरून दीड ग्रॅम आणि तिथून दीडशे मिलिग्रॅम, एवढं ओझं चाळीस वर्षांत उतरलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला माणसांसाठीही मान्यता मिळाली.

काम करायची पद्धत दोन्हीकडे एकच. जंताच्या पेशीत बीटा-ट्युब्युलिन या प्रथिनापासून बारीक नळ्या बनतात, आणि अल्बेंडाझोल त्या बनू देत नाही. जंताला साखर शोषता येत नाही, साठवलेली संपते, आणि तो उपाशी मरतो. याला एक-दोन दिवस लागतात, कधी जास्त. "गोळी दिली पण काही पडलंच नाही" ही पालकांची तक्रार इथूनच येते. मेलेला जंत बऱ्याचदा पोटातच विरतो आणि शौचात दिसतही नाही.

आता मात्रेकडे वळू, कारण चुका तिथेच होतात. बाजारातलं साधं द्रावण २.५ टक्क्यांचं असतं, म्हणजे एका मिलीत २५ मिलिग्रॅम. तीस किलोच्या मेंढीला ५ मिलिग्रॅमच्या हिशेबानं ६ मिली आणि साडेसात मिलिग्रॅमच्या हिशेबानं ९ मिली. औषध पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतं. बाटली न हलवता पाजायला घेतली तर पहिल्या मेंढ्यांना जवळजवळ पांढरं पाणी मिळतं आणि शेवटच्या चार-पाचांना दुप्पट-तिप्पट. दर दहा-बारा मेंढ्यांनंतर बाटली पुन्हा हलवावी. कळपाच्या सरासरी वजनावर मात्रा ठरवू नये. सारख्या वयाच्या गटातली सगळ्यात जड मेंढी तोलून तिची मात्रा सगळ्या गटाला द्यावी. पाजताना तोंड फार वर केलं किंवा जीभ ओढून धरली की औषध श्वासनलिकेत जातं, आणि दोन-तीन दिवसांनी जनावर धापा टाकू लागतं. नाकपुडी डोळ्याच्या रेषेपर्यंत उचलली की बस्स.

कळपात उस्मानाबादी शेळ्याही असतात आणि त्यांनाही मेंढीचंच माप लावतात. ही जुनी खोड आहे. शेळीचं यकृत हे औषध मेंढीपेक्षा लवकर निकालात काढतं, त्यामुळे तिला मेंढीच्या दीडपट ते दुप्पट मात्रा लागते. अर्धवट मात्रेत तगलेले जंत शेळीच्या लेंडीतून त्याच रानात पडतात आणि मेंढीच्या पोटात जातात. मेंढा लावल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात मेंढीला आणि गाभण राहिल्यानंतरच्या पहिल्या ४५ दिवसांत गाई-म्हशीला हे औषध देऊ नये. गर्भात व्यंग येतं.

म्हशीचं वजन सहसा नजरेनंच ठरतं, आणि नजर चुकते. टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे अंदाजे किलो. घेर ७२ आणि लांबी ५४ भरलेली पंढरपुरी म्हैस ४२४ किलोची निघते. साडेसात मिलिग्रॅमच्या हिशेबानं तिला साधारण ३.२ ग्रॅम औषध लागतं. दीड ग्रॅमची एक मोठी गोळी देऊन मालक निर्धास्त झाला, तर त्यानं निम्मंही औषध दिलेलं नाही. दुभत्या जनावराचं दूध किती दिवस घालायचं नाही हे लेबलवर लिहिलेलं असतं. ते वाचावं आणि पाळावं.

१९८० मध्ये उजनी धरण पुरं झालं आणि कालव्यांनी कोरडवाहू रानात पाणी नेलं. पाण्याबरोबर शंखीच्या गोगलगाईलाही जागा झाली, आणि तिच्यातूनच यकृतातला पानासारखा चपटा जंत पसरतो. कालव्याकाठी चरणाऱ्या गुरांत तो संभवतो हे धरून चालावं. इथे अल्बेंडाझोल अर्धंच उपयोगी पडतं. गुरांना किलोला १० मिलिग्रॅम दिल्यावर मोठे चपटे जंत मरतात, यकृतात वाट काढणारी पिल्लं वाचतात.

माणसाकडे येऊ. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी, त्यापुढे १९ वर्षांपर्यंत पूर्ण. लहानग्यांसाठी ती दोन चमच्यांमध्ये चुरून पाण्यात कालवतात. अख्खी गोळी घशात अडकून मूल गुदमरू शकतं, म्हणून चुरणं आणि चघळणं यात हयगय नको. आजारी मुलाला त्या दिवशी देत नाहीत. वजन न बघता सगळ्यांना एकच मात्रा चालते, कारण एका गोळीतलं फार थोडं औषध रक्तात जातं, बाकीचं आतड्यातच राहतं आणि जंतही तिथेच असतात. एका गोळीनं सगळं साफ होतं असं मात्र नाही. २००८ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून काढलेल्या हिशेबात गोल जंतातून बरे झालेले ८८ टक्के, आकडेकृमीतून ७२, आणि चाबूककृमीतून अवघे २८ टक्के होते. गोळी सहा महिन्यांनी पुन्हा देण्यामागे हे एक कारण आहे. दुसरं कारण मातीतली अंडी. ती गोळीनं मरत नाहीत.

जंत आतड्याबाहेर असेल तेव्हा गणित फिरतं. मेंदूतल्या पट्टकृमीच्या गाठींवर किलोला रोज १५ मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून, आठ ते चौदा दिवस देतात. तेव्हा गोळी तूप-तेलाच्या जेवणाबरोबर घ्यायची. स्निग्ध अन्नाबरोबर शोषण पाचपटीपर्यंत वाढतं. गाठ मरताना आजूबाजूला सूज येऊन झटके येऊ शकतात, म्हणून सोबत स्टेरॉइड असतं. हा उपचार घरी करून बघण्यातला नव्हे.

यकृतातली हायडॅटिड गाठ मेंढरांमागे राहणाऱ्यांनी नीट समजून घ्यावी. कापलेल्या मेंढीचं गाठाळलेलं यकृत किंवा फुप्फुस कुत्र्यापुढे टाकलं की कुत्र्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी तयार होतो. त्याची अंडी विष्ठेतून केसांवर, तिथून हातावर आणि भाकरीवर येतात. माणसात गाठ वाढायला वर्षं लागतात. उपचारात ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, २८ दिवस, मग १४ दिवस सुटी, अशी आवर्तनं असतात. राखणीच्या कुत्र्याला मात्र शाळेतली गोळी देऊ नये. अल्बेंडाझोलनं कुत्र्याची अस्थिमज्जा बिघडू शकते, आणि या पट्टकृमीवर इलाज प्राझिक्वान्टेलचा आहे, किलोला ५ मिलिग्रॅम. गाठाळलेले अवयव खोल पुरावेत किंवा जाळावेत.

हत्तीरोगाच्या सामूहिक औषधोपचारातही डीईसी या हत्तीरोगावरच्या औषधाच्या जोडीला हीच गोळी असते. डीईसी निघालं ते १९४७ मध्ये, जीवरसायनशास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखालच्या अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेतून. अल्बेंडाझोल त्या कामाला जोडलं गेलं ते १९९८ नंतर, ते बनवणाऱ्या कंपनीनं जागतिक आरोग्य संघटनेला गोळ्या फुकट द्यायचं जाहीर केल्यावर.

औषध न लागू पडण्याची कहाणीही मेंढीतच सुरू झाली. थायाबेंडाझोल येऊन तीन वर्षं होतात तोच, १९६४ मध्ये, त्याला न जुमानणारा हिमाँकस अमेरिकेत नोंदला गेला. भारतातली नोंद १९७६ची. ट्युब्युलिनच्या २००व्या जागी एक अमिनो आम्ल बदललं की औषध चिकटत नाही. माणसातल्या चाबूककृमीतही हा बदल सापडला आहे. तुमच्या कळपात तो आलाय का, हे तपासणं अवघड नाही. पाजण्याच्या दिवशी दहा-पंधरा मेंढ्यांच्या गुदद्वारातून ताज्या लेंड्या घ्या, दहा ते चौदा दिवसांनी त्याच मेंढ्यांच्या पुन्हा घ्या, आणि पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत अंडी मोजून घ्या. घट ९५ टक्क्यांच्या आत असेल तर औषध बदलायची वेळ आली.

पावसाच्या तोंडावर अख्खा कळप पाजण्याची सवय म्हणूनच तपासून बघण्यासारखी आहे. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात रानातल्या बहुतेक अळ्या वाळून मरतात, आणि जंत उरतात ते मुख्यतः मेंढीच्या पोटात. तेव्हा सगळ्यांना पाजलं तर वाचतात फक्त औषधाला न बधणारे, आणि पहिल्या पावसानंतर रानभर पसरतात ती त्यांचीच अंडी. त्यापेक्षा खालची पापणी उलटून बघावी. लालबुंद असेल ती मेंढी सोडावी. फिकट किंवा पांढरी असेल, जबड्याखाली मऊ सूज असेल, तिला वजन करून पूर्ण मात्रा पाजावी.