ओला हिमलोट

डोंगरउतारावरील हिमथरात वितळलेले किंवा पावसाचे पाणी मुरून तो सुटतो, त्यास ओला हिमलोट म्हणतात. हा मुख्यतः वसंतातला प्रकार आहे. हिवाळ्यातला कोरडा हिमलोट बहुधा नव्या हिमाच्या भाराने किंवा वाऱ्याने साचवलेल्या थरामुळे सुटतो. वसंतात मात्र किती हिम पडले यापेक्षा आदल्या रात्री थर गोठला की नाही, याला अधिक महत्त्व येते.

मराठीत हिमलोट, हिमस्खलन व हिमप्रपात हे तिन्ही शब्द चालतात. हिमनदीच्या भेगाळलेल्या, कड्यासारख्या भागालाही (उदा., एव्हरेस्टच्या वाटेवरील खुंबू) ‘हिमप्रपात’ म्हणत असल्याने तो शब्द येथे टाळला आहे. ‘लोट’ ओल्या प्रकारालाच अधिक शोभतो; कोरडे चूर्ण ढगासारखे उधळते, ओले हिम घळीतून खरोखर लोटासारखे वाहते. यूरोपीय संज्ञांची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. जर्मन ‘लाविने’ हा शब्द उत्तरकालीन लॅटिन ‘लाबिना’वरून (मूळ अर्थ घसरण) आला, हे बहुतेकांना मान्य आहे. फ्रेंच ‘आव्हालांश’चा संबंध आल्प्समधील बोलींतल्या ‘लाव्हांश’सारख्या रूपांशी जोडतात. त्यातील ‘ल’ व ‘व्ह’ यांची अदलाबदल ‘आव्हाले’ (जुना अर्थ खाली उतरणे) या क्रियापदाच्या प्रभावाने झाली असावी. मात्र या रूपांचा अंत्य प्रत्यय लॅटिन वाटत नाही, म्हणून काही अभ्यासक शब्दच लॅटिनपूर्व आल्पीय भाषेतला मानतात. धातू लॅटिन आणि प्रत्यय जुना, हा मधला पर्याय अधिक पटण्याजोगा आहे.

हिम वितळण्याआधी ते ०° से. तापमानापर्यंत यावे लागते. त्यापुढे दर किलोग्रॅममागे सु. ३३४ किलोजूल उष्णता लागते. ताजे हिम ८० ते ९० टक्के सूर्यप्रकाश परतवते. जुने, मळलेले हिम बरेच कमी परतवते, म्हणून एकदा सुरू झालेले वितळणे वेग धरते. पाण्याचे प्रमाण आकारमानाच्या ३ ते ८ टक्के असलेल्या हिमाला ‘ओले’ म्हणतात. ते मुठीत दाबले तर पाणी निघत नाही. ८ टक्क्यांपुढे बोटांतून पाणी गळू लागते. पाणी सर्वत्र सारखे झिरपत नाही. बारीक कणांच्या थराखाली भरड कणांचा थर असला, तर ते त्या सीमेवर अडून साचते. तेथे पाण्याचे वंगण होऊन वरचा थर घसरतो, असे पूर्वी समजत. कणांना जोडणारे बंध पाण्याने सैल होतात, हे स्पष्टीकरण आता अधिक ग्राह्य धरले जाते. कमकुवत थरात पाणी पहिल्यांदाच पोहोचते, तो काळ विशेष धोक्याचा. पुष्कळदा भिजून गोठलेला थर उलट बराच स्थिर होतो.

निरभ्र रात्री पृष्ठभाग उष्णता उत्सर्जित करतो आणि हवा ०° से.च्या थोडी वर असली तरी गोठतो. पहाटे त्याचा पापुद्रा माणसाचे वजन पेलतो. ऊन चढले की पाय आधी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत रुतू लागतो. उतारावरून परतायची वेळ तेव्हा खरे तर टळून गेलेली असते. ढगाळ रात्री पापुद्रा धरतच नाही, त्यामुळे सकाळही सुरक्षित नसते. उत्तर गोलार्धात सकाळी पूर्वेचे, दुपारी दक्षिणेचे, नंतर पश्चिमेचे उतार सैलावतात. उत्तरेचे उतार कित्येक आठवडे मागे राहतात.

गवताळ किंवा गुळगुळीत खडकाच्या उतारावर सबंध थर जमिनीवरूनच सरकतो. वर माशाच्या तोंडासारखी भेग दिसते, पण थर केव्हा सुटेल हे सांगणे फार कठीण असते; तो रात्रीही सुटतो. ओल्या लोटाचा वेग कोरड्यापेक्षा कमी, घनता मात्र जास्त. थांबताच ढिगारा घट्ट बसतो.

हिमालयात मार्च-एप्रिलमध्ये पश्चिमी विक्षोभांमुळे (पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवामान-प्रणालींमुळे) ताजे हिमही पडते, त्यामुळे तेथे वसंतातला प्रत्येक हिमलोट ओलाच असेल असे नाही. उत्तराखंडातील सुमना येथे २३ एप्रिल २०२१ रोजी सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर कोसळलेल्या हिमलोटाआधी जोरदार हिमवृष्टी झाली होती.