हृदय थकते, मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात

जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात तेव्हा गोव्यातल्या घराघरांत पुरमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या जिनसांच्या, बरण्या उघडतात. पेजेबरोबर सुका बांगडा, गालमो (सुकी बारीक कोळंबी), चेपणीचे तोर (मिठात मुरवलेल्या कैऱ्या). हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाचा पंप नीट काम करत नाही अशा, रुग्णाला नेमके हेच ताट महागात पडते, आणि त्याचे कारण मूत्रपिंडांत आहे.

निरोगी हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. हार्ट अटॅकने स्नायूचा तुकडा मेला, रक्तदाब वर्षानुवर्षे चढा राहिला किंवा झडप गळू लागली, की ही ताकद घटते. मूत्रपिंडांना रक्त कमी मिळते आणि शरीर त्याचा अर्थ लावते: रक्तस्राव झाला असावा! मूत्रपिंडे रेनिन नावाचे द्रव्य सोडतात, त्यातून रक्तवाहिन्या आवळतात, आणि अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक मीठ-पाणी लघवीवाटे जाऊ देत नाही. जखमी माणसाला वाचवणारी ही यंत्रणा इथे उलटते. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलताना थकलेले हृदय आणखी थकते, कप्पे ताणून मोठे होतात.

अडकलेले ९ ग्रॅम मीठ साधारण एक लिटर पाणी धरून ठेवते. डावी बाजू कमजोर असेल तर ते पाणी फुप्फुसांत साठते. आडवे पडले की दम लागतो, उशा वाढवाव्या लागतात, मध्यरात्री गुदमरून जाग येते. उजवी बाजू थकली तर पाय, यकृत आणि पोट फुगते. नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून उचला. खळगा तसाच राहिला तर तिथे पाणी आहे.

इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टमधला इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला डाव्या कप्प्यातले किती टक्के रक्त बाहेर पडते तो आकडा, ४० टक्के किंवा कमी असला तर पंप अशक्त आहे. पण तो ५० च्या वर असूनही आजार असू शकतो, कारण ताठरलेला कप्पा नीट भरतच नाही. म्हणून आकडा चांगला आला तरी दमाकडे दुर्लक्ष नको.

रोज सकाळी लघवीनंतर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करून लिहून ठेवा. तीन दिवसांत २ किलो वाढले तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. सूज दिसण्याआधीच काटा हे सांगतो, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमच्या, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याच्या आत ठेवा. पावातलेही त्यात मोजा. सुकी मासळी भिजवली तरी सगळे मीठ निघत नाही. ‘लो-सोडियम’ मीठ मनाने आणू नका, त्यात पोटॅशियम असते. स्पायरोनोलॅक्टोन (अल्डोस्टेरॉनला रोखणारी गोळी) घेणाऱ्याच्या रक्तात ते धोकादायक पातळीला जाऊ शकते. सांधेदुखीवर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही वेदनाशामकेही नकोत, कारण ती मीठ-पाणी अडवतात. बरे वाटले म्हणून गोळ्या बंद करू नयेत. बरे वाटते ते त्या गोळ्या ही साखळी रोखून धरतात म्हणूनच. बसल्या जागी दम लागला किंवा गुलाबी फेसाळ कफ आला तर थांबू नका, थेट १०८ ला फोन करा.