गड उतरताना मांड्या का भरतात?

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या राजहंसगडावर चालत जाऊन आलेल्यांची तक्रार सहसा ठरलेली असते. चढताना दम लागतो, घाम फुटतो, मध्येच कुठेतरी टेकावंसं वाटतं. उतरताना मात्र गप्पा मारत आरामात खाली येता येतं आणि त्या रात्री झोपही चांगली लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी मांड्या जड वाटू लागतात आणि तिसऱ्या दिवशी जिन्याच्या पायरीवरून खाली पाय टाकवत नाही. दोष चढाला दिला जातो, कारण दम तिथेच लागलेला असतो. पण हे दुखणं बहुतांशी उताराचं असतं. ते का, हे समजायचं तर स्नायूला मुळात काय करता येतं, इथून सुरुवात करावी लागते.

स्नायूला एकच काम येतं, ओढण्याचं. ढकलणं त्याला जमत नाही. आखाड्याच्या लाल मातीत एक पैलवान दुसऱ्याला रेटत मागे नेतो, तेव्हाही त्याच्या दंडामागचा स्नायू कोपराचं हाड ओढून हात सरळ करत असतो आणि मांडीचा स्नायू गुडघ्याखालचं हाड ओढून पाय ताठ करत असतो. बाहेरून जो रेटा दिसतो, तो आत सगळा ओढच असतो. म्हणून तर स्नायू बहुधा जोडीने असतात. दंडाच्या पुढचा कोपर वाकवतो, मागचा सरळ करतो. हाडांना जोडलेले असे ६०० हून अधिक स्नायू आपल्या शरीरात आहेत आणि वजनाचा साधारण ४० टक्के भाग त्यांचाच असतो. हृदयाचा स्नायू आणि आतड्यांचे स्नायू वेगळ्या प्रकारचे, आपल्या इच्छेवर न चालणारे. त्यांचा विषय इथे नको.

या ओढीचा जोर किती असतो, याचा अंदाज आपल्याला सहसा नसतो. दंडाच्या पुढच्या स्नायूची कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी बांधणारी दोरी, कोपराच्या सांध्यापासून जेमतेम ४-५ सेंटिमीटरवर हाडाला चिकटते. तळहात त्याच सांध्यापासून ३५ सेंटिमीटरच्या आसपास दूर असतो. कोपरात काटकोन करून १० किलोची कळशी हातावर तोलली, तर स्नायूला ७० ते ८० किलोच्या तोडीची ओढ लावावी लागते. जोरात एवढा तोटा सोसून शरीर वेग मिळवतं. स्नायू थोडासा आखडला की हात पुष्कळ अंतर कापतो. डावपेचांच्या खेळात हे अंतर किती मोलाचं, ते पैलवानाला सांगायला नको.

हा स्नायू आखडतो कसा, याचं उत्तर १९५४ साली मिळालं. हक्स्ली आडनावाचे दोन शास्त्रज्ञ, अँड्र्यू आणि ह्यू, एकमेकांच्या नात्यातले नव्हेत. दोघांनी आपापल्या सहकाऱ्यांबरोबर स्वतंत्रपणे एकच गोष्ट दाखवली. स्नायूतले बारीक तंतू स्वतः आखूड होतच नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. ॲक्टिन या प्रथिनाचे पातळ तंतू आणि मायोसिनचे जाड तंतू एकमेकांत शिरलेले असतात. मायोसिनला असंख्य टोकं असतात. विहिरीतून पोहरा शेंदताना आपण एक हात सोडून पुढे धरतो, ओढतो, मग दुसरा सोडतो, तशी ही टोकं ॲक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुढे पकडतात. तंतूंच्या अशा एका कप्प्याची लांबी सुमारे अडीच मायक्रोमीटर, म्हणजे एक सेंटिमीटर तंतूत असे जवळपास ४,००० कप्पे एकामागोमाग लागलेले. प्रत्येक कप्पा कणभर आखडतो आणि अख्खा पाय उचलला जातो. मला हे वाचताना दरवेळी थक्क व्हायला होतं.

पकड सुरू व्हायला मेंदूकडून मज्जातंतूमार्फत निरोप यावा लागतो. निरोप पोचला की तंतूंभोवतीच्या पिशव्यांतून कॅल्शियम बाहेर पडतं आणि ॲक्टिनवरच्या पकडायच्या जागा मोकळ्या होतात. कॅल्शियमचं हे महत्त्व लंडनच्या नळाच्या पाण्यामुळे कळलं. १८८० च्या दशकात ब्रिटिश डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचं हृदय क्षारांच्या द्रावणात ठेवून अभ्यास करत होते. नळाच्या पाण्यात बनवलेल्या द्रावणात हृदय चालत राही, शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात बनवलेल्या द्रावणात ते लवकरच थांबे. फरक नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा होता.

एटीपी नावाचा रेणू हे स्नायूचं इंधन. मायोसिनचं टोक एरवी पकड सोडतं, ते एटीपीचा नवा रेणू येऊन चिकटल्यावरच. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठ होतं, त्याचं कारण हेच. एटीपी संपतं आणि टोकं जिथे पकडून बसली तिथेच अडकतात. दोन मल्ल एकमेकांच्या माना घट्ट धरून मिनिटभर जागचे हलत नाहीत, तरी घामाने निथळतात. बाहेर हालचाल शून्य असली तरी आत लाखो टोकं सतत पकडत आणि सोडत असतात, एटीपी जळत असतं. साठवलेलं एटीपी काही सेकंदच पुरतं. पुढचे काही सेकंद क्रिएटिन फॉस्फेट निभावून नेतं, मग ग्लुकोज ऑक्सिजनशिवाय मोडलं जातं आणि त्याहून लांबलेल्या कामाला श्वासातूनच भांडवल आणावं लागतं. चढावरचा दम तो हाच.

आता उताराकडे. खाली पाऊल टाकलं की गुडघा वाकतो आणि शरीराचं सगळं वजन त्यावर येतं. मांडीच्या पुढच्या स्नायूने सोडून दिलं तर आपण कोसळू. म्हणून तो ओढतच राहतो, पण वजन त्याच्या ओढीपेक्षा जास्त असल्यामुळे ओढता ओढता ताणला जातो. बैठक मारताना खाली जाणं, जोर काढताना छाती जमिनीकडे नेणं, पोतं पाठीवरून हळू खाली ठेवणं, हे सगळं याच जातीचं काम. जांबोटी-कणकुंबीकडच्या डोंगराळ भागात डोक्यावर गवताचा भारा घेऊन उतरणाऱ्या बाईच्या मांड्या पावलागणिक हेच करत असतात.

या कामाचा स्वभाव विलक्षण आहे. १९५२ साली इंग्लंडमध्ये ॲबट, बिगलंड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने पुढे पेडल मारायचं, त्यामुळे दुसऱ्याची पेडलं उलटी फिरतात आणि त्याने ती अडवायची. दोघांच्या पायांवरचा जोर सारखा, वेगही सारखा. तरी पेडल मारणाऱ्याला अडवणाऱ्यापेक्षा कित्येक पट जास्त ऑक्सिजन लागला. अंगाने किरकोळ माणूस नुसतं अडवून धट्ट्याकट्ट्याला दमवू शकतो, असा याचा अर्थ. ताणल्या जाणाऱ्या स्नायूत मायोसिनची टोकं ओढाताणीनेच सुटतात, त्यासाठी एटीपी फारसं खर्च होत नाही. शिवाय टायटिन नावाचं एक प्रचंड लांब प्रथिन स्प्रिंगप्रमाणे ताण धरून ठेवतं. जे वजन उचलता येत नाही, ते सावकाश खाली ठेवता येतं ते यामुळेच.

श्वास वाचतो, पण तंतूंवर भार पडतो. थोड्या टोकांवर मोठा ताण आल्यामुळे काही कप्पे गरजेपेक्षा जास्त ताणले जातात आणि त्यांची रचना विस्कटते. मग तिथे सूज येते, डागडुजीसाठी पेशी जमतात, मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. हे सगळं व्हायला वेळ लागतो, म्हणून दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोचतं. स्नायूंना इजा झाल्यामुळे हे उशिराचं दुखणं येतं, असं अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ सालीच मांडलं होतं. तरी आजही जिममध्ये आणि तालमीत ‘लॅक्टिक ॲसिड साठलंय’ असं सर्रास सांगितलं जातं. हा समज सोडून द्यायला हवा. मेहनतीत तयार झालेलं लॅक्टेट, ज्याला लोक लॅक्टिक ॲसिड म्हणतात, तासाभरात रक्तातून बरंचसं निघून जातं, हृदय तर ते इंधन म्हणून वापरतं. आणि ते जास्त तयार होतं चढताना, दुखतं मात्र उतरल्यावर. एवढ्या एका गोष्टीने तो आरोप टिकत नाही.

दुखऱ्या मांड्यांना तेल लावून हलकं चोळलं, थोडं चाललं की बरं वाटतं. डागडुजी तिच्या गतीनेच होते. मात्र पहिल्याच दिवशी शेकड्यांनी बैठका मारल्यावर स्नायू खूप सुजले आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर घरगुती उपाय करत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तुटलेल्या स्नायूतलं प्रथिन मूत्रपिंडांना इजा करू शकतं.

चांगला वस्ताद नव्या पोराला सुरुवातीला मोजक्याच बैठका देतो, यामागे पक्कं शरीरशास्त्र आहे. एकदा असं दुखून गेलेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच कामाने फारसा दुखत नाही. पहिली मेहनत थोडी असली तरी हे संरक्षण मिळतं. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था जास्त तंतू एका वेळी कामाला लावायला शिकते म्हणून. मांडीचा घेर त्यानंतर वाढतो, तोही तंतूंची संख्या वाढून नव्हे, आहेत ते तंतू जाड होऊन.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत. आपल्याकडे साठी उलटली की घरचे प्रेमाने म्हणतात, ‘आता शेतवडीकडे जाऊ नका, बसून राहा.’ तिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. बसून राहिल्याने ती आणखी वाढते, मग न्हाणीघरात पाय घसरल्यावर तोल सावरायला मांडीत बळ उरत नाही. पण म्हातारा स्नायू शिकायचा थांबत नाही. १९९० साली बोस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांना ८ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला गेला. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

उतरतीचं काम इथे फार उपयोगी पडतं, कारण ते स्नायूला भरपूर देतं आणि हृदयाकडून, फुफ्फुसांकडून कमी मागतं. खुर्चीत धपकन न बसता तीन-चार सेकंद घेत सावकाश बसणं, हा त्याचा सगळ्यात सोपा प्रकार. बाजूला भिंत किंवा टेबल असावं, श्वास रोखू नये. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा रक्तदाब ताब्यात नसेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. पहिल्या आठवड्यात दिवसाला पाच-सहा वेळा पुरे. मांड्या भरून आल्या तर दोन दिवस थांबून पुन्हा तेवढंच करावं, दुसऱ्या खेपेला ते कमी दुखेल.