कोतोवर पाचच सूर? नाही
कोतो या जपानी तंतुवाद्याला पाचच सूर, म्हणून जपानी संगीत एकसुरी, ही समजूत जुनी आहे आणि चुकीची. १३ तारा, प्रत्येकीखाली सरकती घोडी, म्हणजे तारेला उचलून धरणारा छोटा आधार. 'हिराजोशी' जुळणीत पहिली तार सा धरली, तर सा, कोमल रे, म, प, कोमल ध मिळतात. म्हणजे आपल्या गुणकली रागाचेच सूर! पण हे फक्त मोकळ्या तारांचे. उजव्या हाताच्या नख्यांनी तार छेडताना डावा हात घोडीच्या पलीकडे तीच तार दाबतो: कोमल रे अर्धा सूर चढून शुद्ध होतो, आणखी दाबला तर कोमल ग. घोडीला खेटून दाबलं की तार कडक लागते, घोडी कलंडते. दाब अपुरा पडला की सूर उतरलेला, आणि नवशिक्यांचं नेमकं इथेच बिघडतं. शिवाय वाजवता वाजवता घोडी सरकवून जुळणीच बदलता येते.