पुनर्वापर आणि पुनर्चक्रण: नाटक उतरल्यावर सेटचे काय होते?

एकांकिका स्पर्धेची अंतिम फेरी आटोपली, की ठाण्यातील किंवा वाशीतील नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी एक प्रश्न हमखास निघतो: आता या सेटचे काय करायचे? टेम्पोवाला थांबलेला असतो, महाविद्यालयात ठेवायला जागा नसते, आणि मग कोणीतरी म्हणते, "देऊन टाकू, रिसायकल होईल." या एका वाक्यात दोन निराळ्या क्रिया मिसळलेल्या असतात. फ्लॅट, म्हणजे लाकडी चौकटीवर प्लाय किंवा कापड लावून केलेली सेटची सुटी भिंत, फ्लॅट म्हणूनच दुसऱ्या नाटकात उभा राहिला तर तो पुनर्वापर. फ्लॅट मोडून त्यातील पदार्थापासून दुसरे काही घडवले तर ते पुनर्चक्रण. पर्यावरणाबद्दल मनापासून आस्था असलेले रंगकर्मीसुद्धा हे शब्द अदलाबदलीने वापरतात, आणि त्यामुळे चांगल्या हेतूने घेतलेले निर्णयही चुकतात.

फरक कशात आहे, हे सेटवरच्या दरवाजावरून नीट कळते. चौकट, पल्ला, बिजागऱ्या आणि कडी असा दरवाजा सुताराने दिवसभर खपून बनवलेला असतो. त्यात लाकूड आहे, लोखंड आहे आणि त्या माणसाचे कसबही आहे. तोच दरवाजा रंग बदलून पुढच्या नाटकात लागला, तर हे तिन्ही टिकते. तो भंगारात गेला, तर बिजागऱ्यांचे लोखंड कदाचित वितळून परत येईल, पण सुताराचा दिवस परत येत नाही, आणि नव्या दरवाजासाठी नवे लाकूड कापावेच लागते. पुनर्वापरात वस्तू वाचते, पुनर्चक्रणात फार तर पदार्थ वाचतो, आणि तोही पुन्हा वाहतूक, वीज आणि उष्णता खर्च करून. म्हणूनच पर्यावरणाच्या हिशेबात पुनर्वापराचा क्रमांक पुनर्चक्रणाच्या आधी लागतो.

मराठी रंगभूमीला यात नवे शिकण्यासारखे फारसे नाही, असे म्हटले तरी चालेल. संगीत नाटकांच्या काळात कंपन्यांकडे राजवाडा, रस्ता, अरण्य असे रंगवलेले पडदे असत आणि तेच पडदे एका नाटकातून दुसऱ्या नाटकात, एका गावाहून दुसऱ्या गावाला फिरत. आजचे व्यावसायिक नाटकही दौऱ्यावर जगते. आज ठाण्याचे गडकरी रंगायतन, उद्या तेथलेच घाणेकर, परवा वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह असे प्रयोग लागतात, म्हणून त्याचा सेट मुळातच सुटा होणारा, गाडीत मावणारा आणि तासा-दोन तासांत लागणारा असावा लागतो. पुनर्वापराला लागणारी बांधणी आपल्या नेपथ्यकारांच्या हातात आधीपासून आहे. कमी पडते ती नाटक बंद झाल्यानंतरची व्यवस्था.

पुनर्चक्रणाचे आश्वासन किती खरे आहे, हे पदार्थागणिक बदलते, आणि येथेच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. लोखंडाच्या चौकोनी पाइपांबाबत ते खरे आहे. भंगारवाला ते वजनावर घेतो, ते जालन्यासारख्या ठिकाणच्या भट्ट्यांपर्यंत पोहोचू शकते आणि पुन्हा सळ्या होऊन बाजारात येते. अॅल्युमिनियमबाबत तर ते फारच खरे आहे, कारण भंगारातून अॅल्युमिनियम बनवायला खनिजातून बनवण्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. प्लायवूडची गोष्ट मात्र वेगळी आहे. लाकडाचे पातळ थर राळेने चिकटवून प्लाय तयार होतो, वर आपण डिस्टेंपर किंवा ऑइलपेंटचे थर चढवतो आणि मध्ये खिळे ठोकतो. हे सगळे पुन्हा वेगळे करून त्याचा नवा प्लाय करणारी साखळी आपल्याकडे सहज हाताशी नाही. मुंबई परिसरातील भंगाराचे लाकूड बऱ्याचदा जळण म्हणून भट्टीत जाते, आणि रंग व राळ यांसह जळणाऱ्या प्लायचा तो धूर आपण 'रिसायकल' म्हणून निरोप दिलेल्या सेटचाच असतो.

थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्राने २०१८ साली बंदी आणली, तरी शिल्पे आणि खांब कोरण्यासाठी तो हौशी सेटवर अजून दिसतो. त्यात सुमारे ९८ टक्के हवा असते, त्यामुळे गाडीभर थर्माकोल वाहून नेला तरी हाती येणारे प्लास्टिक मूठभरच, आणि रंगवलेला थर्माकोल घ्यायला सहसा कोणी तयार होत नाही. फ्लेक्सचेही तसेच आहे. पॉलिएस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर बसवलेला असल्याने हे दोन पदार्थ वेगळे करणे अवघड जाते, आणि जाळल्यास त्यातून हायड्रोजन क्लोराइड व डायॉक्सिनसारखी घातक द्रव्ये बाहेर पडतात. या दोन वस्तू पुनर्चक्रणाच्या भरवशावर सेटसाठी आणणे ही स्वतःचीच फसवणूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कापडावर हाताने रंगवलेला फलक धुता येतो, दुसऱ्या बाजूने रंगवता येतो आणि शेवटी त्याच्या पिशव्याही शिवता येतात.

ब्रिटनमधील रंगकर्मींनी २०२१ मध्ये 'थिएटर ग्रीन बुक' नावाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्या पायाभूत पातळीवर अपेक्षा अशी आहे, की निर्मितीतील निम्मे साहित्य आधी कुठेतरी वापरलेले किंवा पुनर्चक्रित असावे, आणि प्रयोग संपल्यावर ६५ टक्के साहित्याला पुढचे आयुष्य मिळावे. मोजायला हे सोपे आहे, परंतु दोन्ही प्रकार एकाच बेरजेत धरले, की लोखंड भंगारात देणारी संस्था आणि दरवाजा जपून ठेवणारी संस्था कागदावर सारख्याच दिसतात. आपण येथे नोंद ठेवायला सुरुवात करणार असू, तर दोन रकाने वेगळे ठेवावेत.

दोन्हींमधील फरक माणसांच्या बाजूनेही पाहायला हवा, कारण सामाजिक भान केवळ नाटकाच्या विषयात असून भागत नाही. पुनर्वापरात सुतार, शिंपी आणि रंगारी यांना दुरुस्तीचे काम मिळते. पैसा नव्या प्लायच्या दुकानाऐवजी त्यांच्या हातात जातो. पुनर्चक्रणात काम भंगार वेचणाऱ्यांकडे आणि गोदामातल्या मजुरांकडे जाते, आणि खिळे न काढता फेकलेला फ्लॅट आधी त्यांच्याच हातात घुसतो. सेट भंगारात द्यायचाच असेल, तर खिळे उपसून, लोखंड, लाकूड आणि कापड वेगळे करून देणे हे निर्मात्याचे कर्तव्य आहे. पुनर्वापराच्या उत्साहातही एक धोका आहे: टिकाऊ म्हणून जाडजूड बनवलेला सेट रंगमंच कामगारांच्या पाठीवर येतो. आठ बाय चार फुटांच्या १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायचे वजन ३० किलोच्या पुढे जाते, तर ६ मिलिमीटरचा साधारण ११ किलोंत बसतो. लाकडी चौकटीवर पातळ प्लाय किंवा ताणलेले मांजरपाट लावले, तर फ्लॅट टिकतोही आणि उचलणाऱ्याला सोसतोही.

पुनर्वापर ठरतो तो सेट उतरवताना नव्हे, बांधताना. खिळ्यांऐवजी बोल्ट, ठरावीक मापाचे फ्लॅट, पिन काढून सुटणाऱ्या बिजागऱ्या आणि पाण्यात मिसळणारा रंग एवढे पाळले, तरी पुढचे निम्मे काम झालेले असते. उरलेले निम्मे काम म्हणजे जागा, आणि ठाण्यात जागेइतके महाग काहीच नाही. आमच्या हौशी संस्थेने एका पावसाळ्यात सहा फ्लॅट इमारतीच्या गच्चीवर ताडपत्रीखाली ठेवले होते. सप्टेंबरात उघडले तेव्हा कडा फुगून थर सुटले होते आणि एकही फ्लॅट सरळ उभा राहीना. आम्ही स्वस्त कमर्शियल प्लाय घेतला होता, जो आयएस ३०३ या मानकातील साध्या दर्जाचा असतो आणि सततच्या ओलीसाठी बनलेला नसतो. त्यासाठी आयएस ७१० चा मरीन प्लाय लागतो, पण तो महाग असतो. महागडा प्लाय घेण्यापेक्षा कोरडी जागा मिळणे जास्त उपयोगाचे. भिवंडीकडच्या गोदामात चार-पाच संस्थांनी मिळून एक कोपरा भाड्याने घेता येईल. ठाणे आणि नवी मुंबई महानगरपालिका स्वतः नाट्यगृहे चालवतात. तेथेच मापाच्या फ्लॅटचा आणि लेव्हलचा (रंगमंचावर उंची देणाऱ्या चौथऱ्यांचा) सामायिक साठा ठेवून तो स्पर्धेच्या संघांना नाममात्र भाड्याने द्यावा, ही मागणी मला रास्त वाटते.

प्रत्येक जुनी वस्तू मात्र पुन्हा वापरावी असे नाही. एक हजार वॅटचा जुना पार (रंगमंचावरचा तापणारा दिवा) आणि सुमारे दोनशे वॅटचा एलईडी यांच्यात, दर प्रयोगाला वीज आणि वातानुकूलनाचा भार वाढवणारा पार जपण्यात काही अर्थ नाही. तो अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा, येथे पुनर्चक्रणच योग्य. तसेच जुने पडदे: आग रोखणारी प्रक्रिया बऱ्याचदा धुण्याने उतरते, म्हणून फिरत आलेला पडदा पुन्हा प्रक्रिया करून घेतल्याशिवाय तापणाऱ्या दिव्यांजवळ टांगू नये.

त्या पावसाळ्यानंतर आम्ही फ्लॅटच्या पाठीवर माप, प्लायची जाडी, रंगाचा प्रकार आणि नाटकाचे नाव लिहू लागलो. आता एका फ्लॅटच्या पाठीवर तीन नाटकांची नावे आहेत. चौथ्या वेळी खालची पट्टी बदलायला तो फ्लॅट बनवणाऱ्या सुतारालाच बोलावले, तेव्हा त्याने फ्लॅट उलटा करून आधी ती नावे वाचली आणि मग करवत हातात घेतली.